एकोणिसाव्या दिवशी टिचलेली अंडी : अशक्त पिल्लांच्या एका खेपेची हकीकत

पाटण तालुक्यात, कोयनेच्या काठाला आमचं घर. भात, थोडा ऊस, आणि परड्यात पन्नासेक गावरान कोंबड्या. पूर्वी सगळी पिल्लं खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसलेल्या, कोंबडीखालीच निघायची. पुढं साठ अंड्यांचं छोटं उबवणी यंत्र घेतलं, आत पंखा असलेलं आणि अंडी आपोआप फिरवणारं. ही हकीकत त्यातल्या एका जानेवारीतल्या खेपेची आहे. ५६ अंडी घातली होती. ३६ पिल्लं जिवंत निघाली आणि त्यातली १३ इतकी अशक्त होती, की हातात घेताना भीती वाटावी. मी प्रत्येक खेपेची वही ठेवते, म्हणून वेळा आणि वजनं नीट सांगता येतात.

७ व्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडी पाहिली. ८ वांझ होती, ती काढली. १८ व्या दिवशी आणखी ३ मेलेली निघाली. राहिली ४५. त्याच संध्याकाळी फिरवणं बंद केलं, तळाच्या खाचांत पाणी भरून ओलावा ५० वरून ६५-७० टक्क्यांवर नेला आणि झाकण लावलं. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात, म्हणजे अजून दोन दिवस तरी निवांत, असं धरून चालले होते.

१९ व्या दिवशी पहाटे चारला बंब पेटवायला उठले, तर यंत्रातून चिवचिव. काचेतून पाहिलं तर सहा अंडी टिचलेली. मला आनंदच झाला. सासूबाई मात्र कपाळाला आठ्या घालून उभ्या राहिल्या. "एवढ्या लवकर? कोंबडीखाली कवा निघाल्यात गं एकोणिसाव्याला?" तो प्रश्न मी तेव्हा कानाआड केला.

२० व्या दिवशी दुपारपर्यंत ३४ पिल्लं आपली आपण बाहेर आली. त्यातली ११ पाहिली आणि काहीतरी चुकलंय हे कळलं. आमच्या कोंबड्यांचं अंडं ४५ ग्रॅमच्या आसपास असतं आणि त्यातून निघणारं धडधाकट पिल्लू साधारण ३० ग्रॅम भरतं. ही पिल्लं काट्यावर २४, २५, फार तर २६ भरत होती. लव आखूड आणि अंगाला चिकटलेली, डोळे अर्धे मिटलेले, मान टाकलेली. पोट मात्र फुगीर, आणि बेंबी मिटलेली नाही. काहींच्या बेंबीवर काळा ठिपका होता, दोघांची तर ओलीच होती.

सतरा नंबरचं अंडं

अंड्यांवर पेन्सिलीनं नंबर घालायची माझी सवय. १७ नंबर पहाटे चारला टिचलं होतं आणि सकाळी दहापर्यंत त्याचं भोक तेवढंच राहिलं. आतून चोच हलताना दिसायची, आवाज यायचा. मला वाटलं, दमलंय, अडकलंय. मी ते बाहेर काढलं आणि नखानं टरफल सोलायला लागले. बोटाएवढा तुकडा निघाला असेल-नसेल, खालच्या पांढऱ्या पापुद्र्यावर एक लाल रेघ उमटली, मग दुसरी, आणि रक्त ठिबकायला लागलं. कापूस दाबून धरला, अंडं परत आत ठेवलं. दुपारी ते पिल्लू गेलं. बलकाची अख्खी पिशवी पोटाबाहेर होती.

हे एक मरण माझ्या हातानं झालं. ते सविस्तर लिहितेय, कारण हीच चूक करायला हात फार शिवशिवतात.

अंडं टिचणं म्हणजे पिल्लानं फक्त श्वासासाठी खिडकी उघडणं. त्याच्या आधीच ते रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालून फुप्फुसानं श्वास घ्यायला शिकलेलं असतं. टिचल्यावर ते बराच वेळ गप्प पडून राहतं. बघणाऱ्याला वाटतं, काहीच चाललेलं नाही. पण त्याच वेळात टरफलाच्या आतल्या पापुद्र्यातलं रक्त पिल्लाच्या अंगात परत जात असतं आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जात असतो. टिचल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागणं अगदी सरळ आहे. मी सहा तासांत हात घातला. रक्त अजून पापुद्र्यात होतं, आणि मी तो पापुद्राच फाडला.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ पुन्हा आली. ३१ आणि ४० नंबर १९ व्या संध्याकाळी सहाला टिचली होती, आणि २० व्या रात्री दहापर्यंत, म्हणजे २८ तासांनीही, जिथल्या तिथं होती. भोकाच्या कडेचा पापुद्रा पिवळट, वाळून कागदासारखा झालेला. त्याला कारणही मीच होते. पहिल्या दिवशी कौतुकानं नऊ वेळा झाकण उघडलं होतं. दर वेळी ओलावा जायचा आणि मागं राहिलेल्या अंड्यांचे पापुद्रे पिल्लांच्या अंगावर आवळत जायचे.

या वेळी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, आधी रक्त बघा. पापुद्रा ओला केला की आतलं दिसतं. लाल शीर दिसली तर हात काढा." स्वयंपाकघर गरम करून घेतलं, हात धुतले, कोमट पाण्यात कापसाचा बोळा बुडवून चोचीपासून लांबचा पापुद्रा हलकेच भिजवला. चोचीच्या नाकपुड्यांत पाणी जाऊ दिलं नाही. ओला झाल्यावर पापुद्रा पारदर्शक झाला आणि खाली नुसती भिजलेली लव दिसली, शीर एकही नाही. तेव्हाच रुंद टोकाकडची टोपी, भोकापासून गोल गोल, तांदळाएवढे तुकडे काढत सैल केली. डोकं मोकळं झालं तिथं थांबले. खालचा अर्धा भाग तसाच ठेवून अंडं यंत्रात परत ठेवलं. बेंबीकडचा भाग पिल्लानंच सोडवायचा असतो, तो ओढायचा नाही. ३१ नंबर तासाभरात बाहेर आलं, ४० नंबर पहाटे. दोन्ही जगली. ही दोन धरून अशक्तांची संख्या १३ झाली.

टिचून अडकलेलं आणखी एक अंडं आतच मेलं होतं, आणि उरलेली ७ टिचलीच नाहीत.

आधी ऊब

अशक्त पिल्लू दिसलं की आपल्या मनात पहिलं येतं खायला घालणं. मीही वाटीत गूळपाणी कालवून ड्रॉपर घेऊन बसले होते. सासूबाईंनी हात धरला. "गार पडलंय ते. चुलीच्या उबेला ठेव आधी. गार पोटात काय जिरतंय व्हय?" त्यांच्या वेळी अशी पिल्लं सुपात कापूस अंथरून चुलीच्या वैलाजवळ ठेवायचे. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, वेगळ्या शब्दांत. नुकत्या निघालेल्या पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. अंग गार असलं की पचन मंदावतं, आणि अशा वेळी आत घातलेलं गळ्याच्या पिशवीत पडून राहतं. शिवाय त्याला घाईही नसते. पोटातल्या बलकावर धडधाकट पिल्लू दोन-तीन दिवस काढू शकतं. एक दिवसाची पिल्लं खोक्यांतून दूरच्या गावांना पाठवता येतात ती त्याच बळावर.

तेरांसाठी वेगळं खोकं केलं. एका कोपऱ्यात १०० वॅटचा पिवळा बल्ब, खाली जुन्या टॉवेलची घडी. वर्तमानपत्र मुद्दाम टाळलं, त्याच्यावरून पाय घसरतात. थर्मामीटर पिल्लांच्या पाठीच्या उंचीला बांधला आणि बल्ब वर-खाली करून तिथं ३५ अंश मिळतील असं केलं. दुसरा कोपरा मोकळा आणि थंड ठेवला, ज्याला गरम होईल त्याला सरकता यावं म्हणून. खरं तर थर्मामीटरपेक्षा पिल्लंच जास्त नेमकं सांगतात. एकमेकांवर चढून गठ्ठा करून चिवचिवत असतील तर गारठलीत. पंख पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकडतंय. पांगून, माना टेकून गप्प झोपली असतील तर बरोबर.

त्या आठवड्यात पहाटेचा गारठा बोचरा होता आणि पहिल्याच रात्री दोनला वीज गेली. गरम पाण्याच्या चार बाटल्या फडक्यांत गुंडाळून खोक्यात चारी बाजूंनी लावल्या, वरून गोणपाट टाकलं, हवेला एक कोपरा उघडा ठेवला. दर पाऊण तासानं पाणी बदललं. पाचला वीज आली. सगळ्यात लहान, २४ ग्रॅमचं पिल्लू तेवढ्यात गेलं होतं. बाकी बारा तगली.

पाणी आणि भरडा

लव सुटी होऊन फुलली आणि पिल्लू डोळे उघडून मान सावरायला लागलं, की मग पाणी. पेलाभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चमचाभर गूळ, एवढंच. ड्रॉपर मी त्या दिवशीच बाजूला ठेवला. कोंबडीच्या जिभेमागंच श्वासनळीचं तोंड असतं. तोंडात पाणी ढकललं तर ते पोटाऐवजी फुप्फुसात जायला वेळ लागत नाही. त्याऐवजी करंगळी गूळपाण्यात बुडवून चोचीच्या कडेला थेंब टेकवायचा. पिल्लू तो टिपून घेतं, मान वर करतं आणि गिळतं. मान वर करून गिळलं म्हणजे ते प्यायला शिकलं. दर दोन तासांनी तीन-चार थेंब. संध्याकाळपर्यंत आठ पिल्लं आपली आपण झाकणातून प्यायला लागली. झाकणात गोट्या टाकल्या होत्या, अशी पिल्लं अर्धा इंच पाण्यातही बुडून मरतात.

गूळपाणी फक्त पहिला दिवस. पुढं साधं उकळलेलं पाणी आणि त्यात डॉक्टरांनी दिलेली इलेक्ट्रोलाइटची पावडर. गोड पाणी लांबवलं की विष्ठा पातळ होते आणि शेपटीखाली चिकटून भोक बंद होतं. दोघांचं तसं झालंच. कोमट पाण्याच्या बोळ्यानं भिजवून, मऊ करून पुसून काढलं. वाळलेलं ओढलं तर कातडी सोलून निघते. शेजारच्या काकू दूध पाजायला सांगत होत्या, मायेपोटीच. पण दुधातली साखर कोंबडीला नीट पचत नाही, म्हणून ते टाळलं.

दुसऱ्या दिवशी टॉवेलवर मक्याचा बारीक भरडा भुरभुरला आणि नखानं टकटक केलं, कोंबडी चोचीनं करते तशी. त्या आवाजाला मान टाकलेलं पिल्लूसुद्धा वळून बघतं. हे मी कितीही वेळा पाहिलं तरी मला भरून येतं. तिसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, पाण्यात किंचित ओला करून, आणि सगळ्यांत मिळून अर्ध्या उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून. उरलेलं तासाभरात काढून टाकायचं, बल्बखाली ते लगेच आंबतं.

बेंबी

ज्या दोघांची बेंबी ओली होती, तिथं माझी लढाई हरली. बेंबीवर लोंबणारा वाळका धागा ओढायचा नाही, एवढं मला माहीत होतं. प्रत्येकाच्या बेंबीला पोव्हिडोन आयोडीन कापसाच्या काडीनं लावलं, टॉवेल दिवसातून दोनदा बदलले. पण तिसऱ्या दिवशी त्या दोघांचं पोट घट्ट आणि निळसर झालं, खोक्याला कुजका वास यायला लागला. डॉक्टर येऊन पाहून गेले. बलकाच्या पिशवीतच जंतू गेले होते. उघड्या बेंबीतून आत वाट मिळते, आणि उबदार बलकासारखं खाद्य जंतूंना दुसरं नाही. एक तिसऱ्या रात्री गेलं. दुसऱ्याचे हाल बघून डॉक्टरांनी चौथ्या दिवशी त्याला मोकळं केलं. मी त्यांना थांबवलं नाही. आधीचे दोन दिवस मी आशेवर त्याला ओढत होते आणि ते मुकाट सोसत होतं, हे मला आजही टोचतं. इतर दोन-तीन पिल्लांच्या बेंब्या लालसर होत्या, त्यांना डॉक्टरांनी वजन बघून औषध दिलं आणि ती सावरली. औषधाची मात्रा मी इथं लिहीत नाही, ती पिल्लू बघूनच ठरायला हवी.

ही दोघं ज्यातून निघाली ती दोन्ही अंडी वहीत 'मळकट' म्हणून नोंदलेली सापडली. विष्ठा लागलेली अंडी मी पुसून घातली होती. ती खायला ठेवायची, उबवायला नाही.

पाय

३१ नंबर, म्हणजे ज्याला मी टोपी काढून मदत केली होती ते, आणि आणखी एक, दोघांचे पाय दोन बाजूंना फाकले होते. यंत्राच्या गुळगुळीत प्लास्टिकच्या जाळीवर घसरून घसरून असं होतं. जखमेवर लावायच्या चिकटपट्टीची अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी कापली, दोन पायांत खांद्याएवढं अंतर ठेवून आठच्या आकड्यासारखी गुंडाळली. घट्ट नाही, पायाची बोटं गुलाबी राहिली पाहिजेत. पहिला अर्धा दिवस पिल्लू तोंडावर आपटतं, म्हणून पाणी उथळ आणि जवळ ठेवायचं, बाजूनं फडक्याच्या गुंडाळ्या लावून आधार द्यायचा. दुसऱ्या दिवशी उभी राहिली, चौथ्या दिवशी पट्टी काढली. एकाचे पाय पूर्ण सरळ झाले. ३१ नंबरचा डावा पाय किंचित बाहेरच राहिला.

कारण

आता सासूबाईंच्या त्या प्रश्नाकडं. एवढ्या लवकर का?

माझा सगळा राग विजेवर होता. १२ व्या दिवशी चार तास वीज नव्हती, खेप त्यानंच बिघडली असं मी घरभर सांगत होते. डॉक्टरांनी एका वाक्यात ते खोडून काढलं. वीज गेली तर अंडी थंड होतात, आणि थंड झालेली अंडी उशिरा फुटतात. लवकर फुटली म्हणजे गरमी जास्त झाली, तीही एक-दोन तास नव्हे, रोज.

यंत्राचा आकडा तर कायम ९९.७ अंश फॅरनहाइट दाखवत होता, म्हणजे ३७.६ सेल्सियस, पंख्याच्या यंत्राला हवा तेवढाच. पण आकडा दाखवणाराच चुकत असेल तर? घरात ताप मोजायचा थर्मामीटर होता. तो ज्या पट्ट्यात मोजतो, त्यातच उबवणीचं तापमान येतं. नुसत्या हवेत तो नीट धरत नाही, म्हणून औषधाची रिकामी बाटली पाण्यानं भरली, झाकण घट्ट लावलं आणि रात्रभर यंत्रात अंड्यांच्या जागी ठेवली. उघड्या पेल्यातलं पाणी वाफेनं गार राहतं, म्हणून झाकण हवंच. सकाळी बाटली काढून लगेच थर्मामीटर आत बुडवला. १०१.८. बाजूला यंत्र ९९.७ दाखवत होतं. दोन अंशांहून किंचित जास्त, सेल्सियसमध्ये जवळजवळ सव्वा अंशानं, अंडी जास्त शेकत होती. खात्रीसाठी दुसऱ्या रात्री पुन्हा केलं, पुन्हा तेच.

मग सगळं जुळलं. जास्त गरमीत पिल्लाची वाढ घाईनं होते, ते वेळेआधी बाहेर पडतं, लहान भरतं, आणि बलक पूर्ण आत जाऊन बेंबी मिटायच्या आधीच अंडं फुटतं. न टिचलेली ७ अंडी फोडून पाहिली, तर त्यातली ५ पूर्ण वाढलेली पण बलक बाहेर असलेली होती. वीज जाणं, झाकण उघडणं, मळकी अंडी, यांनी नुकसान वाढवलं. मूळ मात्र त्या दोन अंशांत होतं.

पुढचे आठवडे

ऊब दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करत नेली. अशक्तांची मात्र पहिले दहा दिवस ३५ वरच ठेवली. पाचव्या दिवशी आणखी एक दगावलं, त्यानं खाणं धरलंच नाही. राहिली नऊ. राणीखेत रोगाच्या लसीचा थेंब धडधाकट पिल्लांना ७ व्या दिवशी दिला, या नऊंना डॉक्टरांच्या सांगण्यावरून आठवडाभर उशिरा.

परड्यात तेव्हा एक खुडूक बसली होती. तिसऱ्या दिवशी रात्री अंधारात तिच्याखाली दोन बऱ्यापैकी सावरलेली पिल्लं सरकवली. एकाला तिनं पंखाखाली घेतलं, दुसऱ्याला सकाळी टोचायला लागली. ते उचलून परत खोक्यात आणलं. तिच्यावर मला राग आला नाही, दुबळं पिल्लू ती सांभाळत नाही, हे तिच्या रक्तातच आहे.

सातव्या दिवशी अशक्तांपैकी सगळ्यात लहान ३८ ग्रॅम भरलं, धडधाकटांत ५२ ची होती. तीन आठवड्यांनी एकत्र सोडली तेव्हा फरक होताच, म्हणून खाद्याची दोन भांडी लांब लांब ठेवली, नाहीतर मोठी लहानांना भांड्याजवळ येऊ देत नाहीत. धडधाकट २३ पैकी एक गेलं. आठव्या आठवड्यात मोजली तेव्हा ३१ होती.

फेब्रुवारीतल्या खेपेला यंत्राचा आकडा ९७.६ वर लावला आणि बाटलीतलं पाणी ९९.७ येतंय याची तीन दिवस आधी खात्री केली. जाळीवर तागाचं फडकं अंथरलं. पहिलं अंडं २० व्या दिवशी रात्री नऊला टिचलं. झाकण मी २१ व्या दिवशी दुपारी उघडलं, एकदाच. ५० अंड्यांतून ४१ पिल्लं, बेंब्या सगळ्यांच्या मिटलेल्या.

३१ नंबरच्या पायात निळा दोरा बांधला होता. ती तलंग, म्हणजे मादी, निघाली, ऑगस्टमध्ये अंडी द्यायला लागली. डाव्या पायामुळं तिला उंच उडी जमत नाही, रात्री खुराड्यात वरच्या काठीवर चढताना ती पडायची. सासूबाईंनी तिच्यासाठी वीतभर उंचीवर एक वेगळी काठी बांधून दिली आहे. ती तिथंच बसते.